वाडीतली चौथीपर्यंतची शाळा: पट कमी म्हणून बंद करायची, की वेगळ्या रीतीने चालवायची?

वहाळापलीकडे (धागाकर्ती)

आमची शाळा संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत आहे. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, पट ११, शिक्षक दोन. गेल्या वर्षी पालकसभेत मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष निवडलं. कमी पटाच्या शाळांची यादी तालुक्यातून पुन्हा मागवली आहे अशी बोलवा आहे, आणि वाडीत दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात, बंद झाली तरी चालेल, मोठ्या गावातल्या शाळेत मुलं शिकतील. अर्धे म्हणतात, वाडीत एवढी एकच गोष्ट सरकारची आहे, ती जाऊ द्यायची नाही.

मला या दोन्हींपेक्षा वेगळं म्हणायचं आहे. शाळा टिकावी असं मला वाटतं, पण ती टिकावी तिथल्या शिकण्यासाठी. लहान शाळेत मुलं एका खास पद्धतीने शिकतात आणि ते मोठ्या शाळेत सहजासहजी घडत नाही. मी गेलं वर्षभर आठवड्यातून एकदा तरी शाळेत जाऊन बसते, त्यातून पाहिलेलं लिहिते.

चारही इयत्ता एकाच खोलीत बसतात, मधे पडदा नाही. पहिलीतला मुलगा 'क' गिरवत असतो आणि कानावर तिसरीचे पाढे पडत असतात. आमच्याकडची दुसरीतली एक मुलगी बाराचा पाढा म्हणते, तिला तो कुणी शिकवलेला नाही. चौथीतल्या मुलांना रोज एका लहान मुलाचं वाचन ऐकायचं काम असतं. ते करताना त्यांचं स्वतःचं वाचन सुधारतं, कारण लहान मूल मधेच "म्हणजे काय?" विचारतं आणि उत्तर द्यावं लागतं.

दुसरं म्हणजे पोषण आहार. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ. आमच्या बाईंनी हे माप तिसरी-चौथीच्या मुलांकडे दिलंय. परिपाठ झाला की हजेरी मोजायची, आज नऊ जण, म्हणजे ९०० ग्रॅम तांदूळ आणि १८० ग्रॅम डाळ, मग स्वयंपाकीण मावशींसमोर काट्यावर ते तोलून द्यायचं. शिल्लक साठा वहीत लिहायचा. महिनाअखेरीला वही आणि पोतं जुळलं पाहिजे. किलो-ग्रॅमचं गणित या मुलांना पुस्तकात भेटायच्या आधीच येतं. परसबागेत लावलेली वाली आणि भेंडी त्याच खिचडीत पडते.

तिसरं, वाडी शाळेत येते. आंबे काढायच्या दिवसांत एक आजोबा झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची झोळी, कसा विणतात ते दाखवायला आले होते. मुलांनी त्याचं चित्र काढलं, भागांची नावं लिहिली, घरी जाऊन आणखी कुणाला काय माहीत आहे ते विचारून आली. मोठ्या शाळेत त्या आजोबांना कोण बोलावणार, आणि ते तरी कसे जाणार?

म्हणून विचारते. तुमच्यापैकी कुणी अशा शाळेत शिकलंय, शिकवलंय, किंवा बंद होताना पाहिलंय का? समितीने आत्ता नेमकं काय करावं? आणि ज्यांना वाटतं की बंदच व्हावी, त्यांनीही कारणांसकट लिहावं. मला ती ऐकायची आहेत.

दोन_खोल्या_एक_फळा

ताई, चांगला विषय. मी मूळचा घाटावरचा. पहिली नेमणूक कोकणात मिळाली, दहा वर्षं द्विशिक्षकी शाळेत काढली, मग जिल्हा बदलून गावाकडे आलो. अजूनही शिकवतो. जरा सविस्तर लिहितो.

बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच वेळी अनेक इयत्तांना शिकवणं, जमतं, पण आपोआप जमत नाही. डी.एड.ला आम्हाला शिकवलं ते एक वर्ग, एक शिक्षक, पस्तीस मिनिटांची तासिका धरून. प्रत्यक्षात समोर दोन किंवा चार इयत्ता. सुरुवातीला नवा शिक्षक पहिलीला गिरवायला लावतो, दुसरीला उतारा देतो आणि तिसरीला शिकवायला लागतो. अशाने तीन वर्ग नुसते गुंतवून ठेवलेले असतात आणि एकच शिकत असतो. लोक लहान शाळेला नावं ठेवतात ती बहुतेक वेळा हे पाहूनच.

सुटका होते ती विषय एकच घेऊन काम वेगवेगळं दिल्यावर. उदाहरण देतो. जूनमध्ये आम्ही सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक करायचो. पहिली-दुसरी रोज आकाश पाहून शब्द सांगणार आणि लिहिणार: ढग, सर, रिपरिप, उघडीप. तिसरी पट्टीने मिलिमीटर मोजून तक्त्यात भरणार. चौथी आठवड्याची बेरीज करून स्तंभालेख काढणार. तुमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे चार अंकी बेरजा मुलांना बाटलीतूनच मिळतात. विषय एकच असल्याने मुलं एकमेकांशी बोलू शकतात, आणि पुढच्या वर्षी आपल्याला काय करायचंय हे लहानांना दिसत असतं.

आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेच्या लोकांनी आसपासच्या छोट्या खेड्यांतल्या शाळांसाठी हीच गोष्ट नीट बसवली. अभ्यासक्रमाचे बारीक टप्पे केले, प्रत्येक टप्प्याची कार्डं केली आणि टप्प्यांची शिडी भिंतीवर लावली. मूल स्वतः पाहतं की आपण कुठे आहोत, आणि पुढचं कार्ड घेतं. महिनाभर आजारी पडलं तरी सुटलं होतं तिथूनच सुरू करतं. तमिळनाडूने पुढे सरकारी शाळांत कृतियुक्त शिक्षण आणलं, त्याची मुळं तिथेच आहेत. आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांचं ज्ञानरचनावादी (मूल स्वतः करून शिकतं या पद्धतीचं) काम पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. फरशीवर आखलेले रकाने, मणीमाळा, दशकाच्या दांड्या, शब्दपट्ट्या हे त्यानंतर शाळाशाळांत पोचलं. साहित्य स्वस्त आहे. चिंचोके आणि आईस्क्रीमच्या काड्या कुठेही मिळतात.

अडचण कुठे येते तेही सांगतो. दोनातला एक शिक्षक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा मतदारयादीच्या कामाला गेला की शाळा एकशिक्षकी होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं आहे, पण या तीनांतच बराच वेळ जातो. वर रोजची ऑनलाइन माहिती. पट पाचशे असो की अकरा, भरायचे रकाने तेवढेच. मोठ्या शाळेत हे काम दहा जणांत वाटलं जातं, इथे ते दोघांवर पडतं. तुमच्या समितीने या एका गोष्टीत शिक्षकांना हात दिला तरी फरक पडेल. वाडीत बारावी झालेली एखादी मुलगी असेल तर एक शिक्षक बाहेर असताना तिने येऊन मुलांना गोष्ट वाचून दाखवावी. शिकवणं तिच्याकडून अपेक्षित नाही, मुलांजवळ एक मोठं माणूस हवं.

मेधा_चिपळूण

मी बंद व्हावी म्हणणाऱ्यांपैकी, तेव्हा लिहिते. धागाकर्तीने मोकळेपणाने विचारलंय म्हणून बरं वाटलं.

आमच्या वाडीच्या शाळेत माझ्या मुलाच्या इयत्तेत तो एकटा होता. एकटा म्हणजे खरोखर एकटा. पुढे एक मुलगी, मागे दोन मुलं. शिक्षक प्रेमळ होते, शिकवायचेही. पण त्याला स्वतःच्या वयाचा दोस्त नव्हता. खो-खोचा संघ होत नव्हता. गोष्ट सांगितली तर ऐकणारे तेच चार. आणि पाचवीला एकदम चाळीस मुलांच्या वर्गात जाऊन बसायचं होतं. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं तेच झालं. वाडीत हुशार म्हणायचे, हायस्कुलात वर्षभर तोंड उघडलं नाही.

म्हणून आम्ही दुसरीपासून शहरातल्या इंग्रजी शाळेत घातला. सकाळी सातला गाडी येते. खर्च परवडत नाही, तरी करतो. शाळा टिकवण्याची जबाबदारी माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर का? त्याचं बालपण एकदाच येणार आहे.

वहाळापलीकडे

मेधाताई, तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. एकट्या मुलाचा प्रश्न आमच्याकडेही आहे, या वर्षी दुसरीत एकच मुलगी आहे. यावर केंद्रातल्या इतर वाड्यांच्या शाळांशी बोलणं सुरू केलंय. आमच्या परिसरात अशा चार शाळा आहेत. महिन्यातून एका शनिवारी चारही शाळांची मुलं एका ठिकाणी आणायची, दिवसभर खेळ, नाटुकली, गणिताचे खेळ. पावसाळ्यात जमणार नाही, पण दसऱ्यानंतर जमेल. जेवण त्या दिवशी एकत्र शिजवायचं. केंद्रप्रमुखांची त्याला तोंडी संमती आहे.

मुलांवर जबाबदारी टाकू नये हेही खरंच. म्हणूनच मला शाळा चांगली करायची आहे. चांगली नसेल तर कुणी का पाठवावं?

नियम_बघून_सांगतो

समितीने काय करावं, एवढ्यापुरतं लिहितो. मी पंचायत राज खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे कागद कसा चालतो ते माहीत आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९, लागू १ एप्रिल २०१०. पहिली ते पाचवीच्या मुलांना घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीला तीन किलोमीटर. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा ही समितीच करते. हे शेवटचं बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापक एकट्याने भरून टाकतात. तुम्ही तसं होऊ देऊ नका. आराखडा बैठकीत बसून करा, कारण उद्या शाळेवर निर्णय होताना तुमच्या बाजूचा लेखी पुरावा तोच असतो.

समूह शाळेचा, म्हणजे कमी पटाच्या शाळा मिळवून एक मोठी शाळा करण्याचा, विषय असा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले. उदाहरणं दोन दिली होती, पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ. तेव्हा वीसपर्यंत पट असलेल्या शाळा राज्यात १४,७०० च्या वर होत्या आणि तिथली मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. विरोध मोठा झाला, कारण यातल्या कित्येक शाळा कोकण, सह्याद्रीचा पट्टा आणि आदिवासी भागातल्या आहेत. लहान शाळा हा काही तुमच्या वाडीचा अपवाद नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच आकडा आहे की २०१६-१७ मध्ये देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी जवळपास २८ टक्के शाळांत तीसपेक्षा कमी मुलं होती. धोरण शाळा संकुलाचं सुचवतं. त्यात शाळा जागेवर ठेवून शिक्षक, साहित्य आणि क्रीडांगण वाटून घेणंही बसतं. तुमचं शनिवारचं एकत्र येणं त्यातच मोडतं. तसा शब्द ठरावात घाला.

आता अंतर. यादीत अंतर लिहिलं जातं ते बऱ्याचदा नकाशावरचं किंवा गाडीरस्त्याचं. तुम्ही पायवाटेचं मोजा, आणि जुलैत मोजा. वहाळ (ओढा) कुठे आडवा येतो, साकव (छोटा पूल) आहे का, पाणी चढलं की किती दिवस वाट बंद असते, याची नोंद तारखांसह ठेवा, फोटो काढा. ग्रामसभेत हे वाचून दाखवून ठराव करून घ्या. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला द्या, पोच घ्या. तोंडी विनंतीची नोंद कुठेच राहत नाही.

पैशाचं: समग्र शिक्षा या शाळांसाठीच्या सरकारी योजनेतून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान असतं. खडूपासून दुरुस्तीपर्यंत सगळं त्यातच भागवायचं. शाळा बंद करून मुलं दूर पाठवली तर वाहतुकीपोटी एका मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. तुमच्या अकरा मुलांचे ते ६६,००० होतात. बंद करण्याने सरकारचा पैसा नेमका किती वाचतो हे ठरावात मांडा. शिक्षकांचे पगार वाचतात हे उत्तर येईल, पण ते शिक्षक सेवेतच असतात, फक्त दुसऱ्या शाळेत.

कोंडीवरचा

+१. अंतराची नोंद फार महत्त्वाची. आमच्याकडे कागदावर दीड किलोमीटर, पावसात चार.

भोर_पायथा

मी दुसरी बाजू पाहिली आहे. आमच्या भागातल्या काही शाळा मोठ्या गावातल्या शाळेत मिळवल्या (नावं देत नाही). माझी भाची तिथे जाते.

चांगलं काय झालं? प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक मिळाला. प्रयोगशाळा आहे, वाचनालय आहे, मैदान आहे. पाचवी-सहावीतल्या मुलांना याचा खरोखर फायदा झाला. माझ्या भाचीने विज्ञान प्रदर्शनात पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र केलं, ते वाडीत झालं नसतं.

पण पहिली-दुसरीचं उलट झालं. सहा वर्षांचं पोर पाऊण तास गाडीत बसतं. गाडी बिघडली की त्या दिवशी अख्ख्या वाडीची शाळा बुडते. पूर्वी वाडीत दोघं जण गैरहजर राहिले तर बाई घरी विचारायला यायच्या, आता गैरहजर राहिलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय पालकसभा दूर, मजुरीचा दिवस मोडून कोण जाणार? पहिल्या सभेला वाडीतले सगळे गेले, नंतर कुणी नाही. सगळ्यांत जास्त बोचतं ते हे की मुलींना पाठवायचं मधेच थांबतं. धाकट्या भावंडाला सांभाळायचं असलं तर वाडीतल्या शाळेत ती त्याला कडेवर घेऊन यायची, गाडीत त्याला नेता येत नाही.

त्यामुळे माझं मत असं झालंय: चौथीपर्यंत मूल जिथे राहतं तिथे शाळा, पाचवीपासून मोठी शाळा आणि चांगली गाडी. दोन वयांना एकच नियम लावू नये.

चाकरमानी_डोंबिवली

मी अशाच शाळेत शिकलो, राजापूर तालुक्यात. तेव्हा आमच्या शाळेचा पट साठाच्या आसपास होता. मुलं कमी का झाली हे आम्हा मुंबईकरांनी विचारायला नको. आमचीच मुलं तिथे नाहीत.

आमचं मुंबई मंडळ शाळेला मदत करतं. गणपतीत गावी गेलो की शाळेत चक्कर असतेच. एका वर्षी रंग दिला, एका वर्षी मोठा टीव्ही दिला. यंदा आधी बाईंना विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्या म्हणाल्या, कौलं बदला, पावसात एका कोपऱ्यात गळतं आणि पुस्तकं भिजतात. दुसरं म्हणाल्या, गोष्टींची पुस्तकं हवीत, पण पातळ, मोठ्या टायपाची, प्रत्येकी दोन प्रती, म्हणजे मोठं आणि लहान मूल एकत्र बसून वाचू शकेल. दोन प्रतींची गोष्ट आम्हाला कधीच सुचली नसती. कौलांचं काम मे महिन्यात झालं, पुस्तकंही पोचली.

जे मंडळवाले हे वाचत असतील त्यांना विनंती: देणगी ठरवायच्या आधी शाळेत बसून विचारा. आणि ताई, तुमच्या वाडीचं मंडळ असेल तर त्यांना समितीच्या एका बैठकीला फोनवरून जोडून घ्या. पैशापलीकडे लोकांकडे वेळही असतो. आमच्यातला एक निवृत्त बँकवाला दर बुधवारी व्हिडिओ कॉलवर चौथीच्या मुलांकडून तोंडी हिशेब करून घेतो. मुलं त्याची वाट पाहतात.

उत्तरेकडचा_मराठी

मी स्कॉटलंडच्या हायलँड भागात नोकरीला आहे, माझी मुलगी इथल्या खेड्यातल्या प्राथमिक शाळेत आहे. सगळ्या इयत्ता मिळून दोन वर्ग. धागा वाचून लिहावंसं वाटलं, कारण इथेही हाच वाद आहे.

इथे २०१० चा एक कायदा आहे. ग्रामीण शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आणायच्या आधी स्थानिक परिषदेला तीन गोष्टींचा खास विचार करावा लागतो: बंद करण्याला दुसरा व्यवहार्य पर्याय आहे का, वस्तीवर काय परिणाम होईल, आणि मुलांच्या प्रवासाचं काय होईल. मग जाहीर सल्लामसलत, त्यात पालक आणि मुलंसुद्धा मत देतात, आणि शाळा तपासणी यंत्रणेचा स्वतंत्र अहवाल. एवढं करूनही शाळा बंद होतात, नाही असं नाही. पण निर्णयाची कारणं सगळ्यांसमोर लिहिलेली असतात. आणखी एक सोय आहे. मुलंच उरली नाहीत तर शाळेला काही काळ कुलूप लावून ठेवता येतं, पण ती रद्द होत नाही. पुन्हा कुटुंबं आली की उघडता येते.

आपल्याकडे पट हा एकच आकडा पाहतात असं दिसतंय. हे तीन प्रश्न तुमच्या ग्रामसभेच्या ठरावात उत्तरांसकट घातले तर?

नियम_बघून_सांगतो

@उत्तरेकडचा_मराठी, उत्तम सूचना. ठरावाला हाच सांगाडा घ्यावा. पर्याय, वस्ती, प्रवास.

कोसबाडची_लेक

डहाणूकडून लिहिते. आमच्या भागात हा प्रश्न फार आधी कुणीतरी सोडवून पाहिला होता, त्याची आठवण करून द्यावीशी वाटते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे काम कोसबाडला आलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली, आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात तिची सुरुवात तिथे आहे. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत तर कुरणावर शाळा, म्हणजे कुरणशाळा. साहित्य काय, तर बिया, पानं, शंख-शिंपले, माती. मूल कुठे आहे हे आधी पाहायचं आणि शाळा त्याप्रमाणे वाकवायची. आज आपण शाळा कुठे सोयीची आहे ते पाहून मुलांना वाकवतोय.

मी स्वतः पाड्यावरच्या शाळेत शिकवते. आमची मुलं घरी वारली बोलतात. पहिलीतल्या मुलाला पुस्तकातली मराठी परकी वाटते. कलम २९ मध्ये शिकवण्याचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावं असं म्हटलंय. मला वारली अर्धीमुर्धीच येते. माझी अडचण कोण सोडवतं? तिसरीतल्या मुली. मी मराठीत सांगते, त्या लहानांना वारलीत सांगतात, लहान मूल वारलीत उत्तर देतं, मग आम्ही सगळे मिळून ते मराठीत लिहितो. इयत्ता वेगळ्या खोल्यांत असत्या तर हा पूल मला मिळाला नसता. मेळघाटात कोरकू, सातपुड्यात पावरी आणि भिली बोलणाऱ्या मुलांच्या शाळांतही हेच असणार. अशा ठिकाणी मूल दहा किलोमीटरवरच्या मोठ्या वर्गात टाकलं तर ते गप्प बसेल आणि अहवालात 'अप्रगत' म्हणून लागेल.

शिरूरकर

जालिंदरनगरचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली ही जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या पुरस्कारासाठी समाज-सहभागाच्या गटात पहिल्या दहांत आली. पट घटून बंद पडायच्या वाटेवर असलेली शाळा गावाच्या साथीने उभी राहिली. तिथली 'विषयमित्र' पद्धत म्हणजे मुलांनी मुलांना शिकवणं. धागाकर्तीने सुरुवातीला लिहिलंय तेच, फक्त आखून केलेलं.

मेधा_चिपळूण

सगळं वाचलं. कोसबाडच्या ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा मुलगा आहे तिथेच राहील, तो आता रुळलाय. पण धाकटी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल आणि तिच्याबद्दल मी आणि हे दोघंही पुन्हा बोलतोय. दोन शंका आहेत. इंग्रजीचं काय? आणि एकुलती एक मुलगी इयत्तेत असली तर शिक्षक तिच्यासाठी नेमकं काय करतात?

दोन_खोल्या_एक_फळा

मेधाताई, इंग्रजी मराठी शाळांतही पहिलीपासून आहे, राज्यात २००० सालापासून. प्रश्न ते बोललं जातं का हा आहे. लहान शाळेत बोलायला पाळी लवकर येते. अकरा मुलांत प्रत्येकाला रोज दोन मिनिटं उभं राहून इंग्रजीत बोलायला लावता येतं, चाळिसांत नाही. तुम्ही शाळेत जाऊन एक परिपाठ पाहा. मुलं सूचना इंग्रजीत देतात का, गोष्ट सांगतात का, की फक्त कविता पाठ म्हणतात, यावरून कळेल.

एकुलत्या एका मुलीबद्दल मी असं करायचो. इयत्ता विसरायची, पातळी पाहायची. वाचनाला ती तिसरीबरोबर बसली तर बसू द्यायची, गणिताला पहिलीबरोबर लागली तरी चालेल. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेची उद्दिष्टंही पाहिली तर ती मुलाला काय येतं यावर आहेत. दोस्ताचं मात्र शिक्षक पूर्ण भरून काढू शकत नाही, हे मी मान्य करतो. त्यासाठी वाड्या एकत्र येणं, ताईंचा तो शनिवार, हाच उपाय.

शिक्षकांना हे विचारा: माझी मुलगी आत्ता कुठे आहे आणि दिवाळीपर्यंत कुठे पोचेल? नीट उत्तर मिळालं तर शाळा चांगली आहे.

वहाळापलीकडे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली. मंडळाचे दोघं मुंबईहून फोनवर होते. ठरलेलं लिहिते.

ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा तयार होतोय, पर्याय, वस्ती आणि प्रवास या तीन भागांत. अंतर मोजायला दोन पालक आणि चौथीची मुलं जाणार आहेत. मुलांनी टेप आणि पावलं दोन्हींनी मोजायचं, म्हणजे त्यांचा लांबीचा पाठही होईल. साकवाच्या नोंदी जून ते सप्टेंबर ठेवायच्या, वही स्वयंपाकीण मावशींकडे, कारण त्या रोज तिथूनच येतात. शिक्षक बाहेर असतील त्या दिवशी शाळेत बसायला दोन मुलींनी होकार दिलाय. पुस्तकं दोन-दोन प्रतींत मागवली आहेत. चौथीनंतर गाडीची मागणी वेगळ्या अर्जाने करणार, भोरच्या दादांनी लिहिलंय त्याप्रमाणे दोन वयांचं वेगळं मांडून.

बंद व्हावी म्हणणाऱ्यांपैकी दोन पालकही बैठकीला आले होते. ते अजून त्याच मताचे आहेत, पण शनिवारच्या मेळ्यासाठी टेम्पो द्यायला तयार झालेत.

नवीन_पालक_देवरुख

मधेच विचारतो, माफ करा. माझा मुलगा ऑक्टोबरमध्ये सहा वर्षांचा होईल. जूनमध्ये वाडीच्या शाळेत पहिलीत घालता येईल का? जन्मदाखल्यात नावाची दुरुस्ती चालू आहे, तो हातात नाही.

नियम_बघून_सांगतो

येईल. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असतील तर त्या वर्षी पहिलीत प्रवेश मिळतो. आणि वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम १४ वाचा. अंगणवाडीच्या नोंदवहीतली जन्मतारीख सेविकेकडून लिहून घ्या, ती सध्या लावा आणि दुरुस्त दाखला आला की शाळेत नेऊन द्या. दुरुस्तीसाठी थांबू नका, पहिल्या दिवसापासून मुलगा वर्गात बसू दे.